कुमारांची कादंबरी आणि वाचनवही

शाळेच्या हीरक महोत्सवी ग्रंथात इमारतीचा इतिहास असतो, संस्थापकांच्या कष्टांचा असतो, परीक्षांच्या निकालांचा आणि क्रीडास्पर्धांतील ढालींचाही असतो. वाचनाचा इतिहास मात्र क्वचितच लिहिला जातो, कारण त्याची कागदपत्रे मागे राहत नाहीत. एखाद्या विद्यार्थ्याने पुस्तक कधी नेले व कधी परत केले, एवढे ग्रंथालयाच्या नोंदवहीवरून कळते. ते वाचून त्याला काय वाटले, कोणत्या पानावर तो थांबला, शेवट त्याला पटला की नाही, याची नोंद कोणत्याच दप्तरात नसते. ही उणीव लक्षात घेऊन प्रस्तुत लेखात दोन गोष्टींचा मागोवा घेतला आहे. एक, मराठीत कुमारवयीन वाचकांसाठी कादंबरी कशी घडत गेली. आणि दोन, त्या कादंबरीविषयी स्वतः कुमारांनी मत मांडावे, ही कल्पना आपल्याकडे इतकी उशिरा का रुजली. बृहन्महाराष्ट्रातील शाळेच्या दृष्टीने यातील दुसरा प्रश्न पहिल्याहून अधिक निकडीचा आहे.

शिशू, बाल आणि कुमार अशी वाचकांची विभागणी मराठीत आता रूढ झाली आहे. साधारणपणे बारा ते सोळा वर्षांचा वाचक तो कुमार. परीकथा त्याला पोरकट वाटू लागलेल्या असतात आणि प्रौढांच्या कादंबऱ्यांतील बरेचसे व्यवहार अजून अनुभवाबाहेरचे असतात. या मधल्या वयाला स्वतंत्र वाङ्मय हवे, हा विचार जगातही तसा अलीकडचाच. अमेरिकेत या वाङ्मयाला वेगळी ओळख मिळवून देणाऱ्या पुस्तकांत एस. ई. हिंटन यांच्या १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द आउटसायडर्स’ या कादंबरीचा उल्लेख नेहमी होतो. ती लिहू लागली तेव्हा लेखिका स्वतः शाळेत शिकत होती, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. आपल्या वयाविषयी मोठ्यांनी लिहिलेले तिला अपुरे वाटले आणि तिने लेखणी उचलली. कुमारवाचकाला मत असते आणि ते त्याला मांडताही येते, याचा याहून ठळक पुरावा शोधण्याची गरज नाही.

मराठी बालवाङ्मयाच्या आरंभाची कथा आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांना अभिमान वाटावा अशी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, पुण्यामुंबईत मराठी मुद्रणाचा जम बसण्याच्या कितीतरी आधी, तंजावरात सरफोजी राजे दुसरे यांच्या छापखान्यात इसापाच्या नीतिकथांचे मराठी भाषांतर ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने छापले गेले. भोवती तमिळ भाषा, दरबारात तेलुगू आणि संस्कृतचे पंडित, आणि अशा ठिकाणी मुलांसाठी मराठी पुस्तक निघाले. मातृभूमीपासून शेकडो कोस दूर राहणाऱ्या समाजाला आपल्या मुलांच्या भाषेची चिंता अधिक तीव्रतेने जाणवते, असा याचा अर्थ लावता येईल.

पुढच्या शतकभरात मुलांच्या वाचनाची धुरा मासिकांनी वाहिली. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये ‘बालबोध’ सुरू केले आणि पुढे अनेक वर्षे ते जवळजवळ एकट्याच्या लेखणीवर चालविले. चरित्र, कविता, निबंध आणि शास्त्रीय माहिती असा त्याचा साचा होता. १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपटे यांनी ‘आनंद’ काढले. ओकांच्या मासिकाच्या नावात बोध होता, आपट्यांच्या मासिकाच्या नावात आनंद आला. पंचवीस वर्षांत मुलांच्या वाचनाकडे पाहण्याची दृष्टी कशी पालटत होती, हे या दोन नावांवरूनच ध्यानात येते. तरीही या दोन्ही मासिकांत बोलणारा प्रौढ आणि ऐकणारे मूल, हे नाते कायम राहिले.

याच सुमारास आपल्या बडोद्यात एक वेगळा प्रयोग आकार घेत होता. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शिकलेल्या प्रजेला वाचायला पुस्तके हवीत, हे ओळखून १९१० मध्ये त्यांनी विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला पाचारण केले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. फिरत्या ग्रंथालयांतून पुस्तकांच्या पेट्या गावोगाव जाऊ लागल्या. मुलांसाठी स्वतंत्र दालन झाले. ‘सयाजी बालज्ञानमाला’ या नावाने गुजराती व मराठीत मुलांसाठी पुस्तके निघाली आणि १९१२ पासून इंग्रजी, गुजराती व मराठी या तिन्ही भाषांत ग्रंथालयविषयक नियतकालिकही प्रसिद्ध होऊ लागले. मुलाने कपाटापाशी जावे, पुस्तक हाताळावे आणि स्वतः निवडावे, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. आज आपल्या शाळेच्या ग्रंथालयात एखादी विद्यार्थिनी पुस्तक निवडताना चार पाने चाळून पाहते, तेव्हा ती याच परंपरेचा लाभ घेत असते. निवड करणे ही परीक्षणाची पहिली पायरी होय.

कुमारांसाठी लिहिलेली कादंबरी हाती येण्यापूर्वी कुमार काय वाचत होते? जे घरात सापडेल ते. हरि नारायण आपट्यांच्या ‘उषःकाल’सारख्या ऐतिहासिक कादंबऱ्या, नाथमाधवांचे ‘वीरधवल’ आणि पुढे बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा. अर्नाळकरांनी हजारांहून अधिक पुस्तके लिहिली. धनंजय, झुंजार आणि काळापहाड ही त्यांची पात्रे अनेक पिढ्यांच्या घराघरांत पोहोचली. ती पुस्तके बहुधा पाठ्यपुस्तकाच्या आड ठेवून वाचली जात, कारण वडीलधाऱ्यांच्या लेखी तो वेळेचा अपव्यय होता. तथापि या चोरट्या वाचनाने एक मोठे काम केले. हे पुस्तक त्या पुस्तकाहून सरस का, अमक्या कथेत गुन्हेगार आधीच कसा ओळखू येतो, तमकीचा शेवट ओढूनताणून आणलेला कसा वाटतो, अशा चर्चा मधल्या सुट्टीत रंगत. त्यांना कोणी परीक्षण म्हटले नाही आणि त्या कोणी लिहूनही ठेवल्या नाहीत. पण वाङ्मयाचा बरेवाईटपणा ठरविण्याची सवय मुलांना तिथेच लागली.

१९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून काढली आणि १९३५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. या पुस्तकाने मराठी घरांत जे स्थान मिळविले, ते दुसऱ्या कोणत्याही कुमारवाचनीय पुस्तकाला मिळालेले नाही. आचार्य अत्रे यांनी त्यावर काढलेला चित्रपट १९५४ साली राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मानकरी ठरला. परंतु या पुस्तकाविषयी मुलांना मत विचारले गेले का? ते वाचून डोळे पाणावणे अपेक्षित होते, आणि ते पाणावत. आजच्या कुमारवाचकाला मात्र त्यात काही प्रश्न पडू शकतात. आईची आज्ञा आणि श्यामचे मन यांचा झगडा कुठे होतो? श्यामला राग आला असता, तर तो कुठे गेला असता? दारिद्र्याचे कारण त्या घरात शोधावे की घराबाहेर? असे प्रश्न विचारणे म्हणजे पुस्तकाचा अनादर करणे नव्हे. ज्या पुस्तकाला प्रश्न विचारता येतात, तेच पुढच्या पिढीला आपलेसे वाटते.

स्वातंत्र्योत्तर काळात हे चित्र बदलले आणि त्यात भा. रा. भागवत यांचा वाटा मोठा आहे. इंदुरात जन्मलेल्या या लेखकाने ज्यूल व्हर्नच्या अद्भुत प्रवासकथा मराठी मुलांच्या हाती दिल्या आणि बनेश ऊर्फ ‘फास्टर फेणे’ हा फुरसुंगीचा किडकिडीत, चपळ मुलगा निर्माण केला. फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, सायकलवर सुसाट जातो आणि संकटात उडी घेतो. प्रतापगडापासून गुलमर्गपर्यंत त्याची भटकंती चालते. त्याच्या कथांत उपदेश नाही, हे त्या काळच्या वाचकाला प्रथम जाणवले असेल. घडणाऱ्या गोष्टींचा निर्णय तो स्वतः घेतो. मोठी माणसे बहुधा उशिरा येतात. भागवतांचा दुसरा नायक बिपिन बुकलवार तर आडनावापासूनच पुस्तकांशी बांधलेला. वाचनवेड्या मुलालाच कथेचा नायक करावे, हे धाडस भागवतांनी केले. पुस्तके वाचणारा मुलगा म्हणजे खेळात मागे राहणारा, चष्म्याआड लपणारा मुलगा, हा समज त्यांनी हसत हसत बाजूला सारला.

नोव्हेंबर १९७१ मध्ये बालभारतीने ‘किशोर’ मासिक सुरू केले. आपल्या शाळेचा पहिला बहर आणि ‘किशोर’चा आरंभ हे साधारण एकाच काळातले. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळांना या मासिकाने मोठा आधार दिला. सकस मजकूर, नामवंत लेखक व चित्रकार आणि परवडणारी किंमत, यांचा असा मेळ दुर्मीळच. आता त्याचे जुने अंक संगणकीकृत होऊन सर्वांना विनामूल्य खुले झाले आहेत. ज्या मराठी वस्तीत पुस्तकांचे दुकान नाही, तिथल्या वाचकासाठी ही सोय मोलाची आहे.

भाषांतरांनीही कुमारांचे विश्व विस्तारले. लुइसा मे अल्कॉट यांच्या ‘लिटल विमेन’चे शांता शेळके यांनी ‘चौघीजणी’ या नावाने केलेले भाषांतर वाचून कितीतरी मुलींना लेखिका होऊ पाहणारी नायिका प्रथमच भेटली. मराठी कुमारकादंबरीत साहस बहुतांशी मुलांच्या वाट्याला आणि समजूतदारपणा मुलींच्या वाट्याला, अशी वाटणी दीर्घकाळ राहिली होती. ‘चौघीजणी’ वाचलेल्या मुलीला ती वाटणी खटकू लागणे स्वाभाविक होते. अलीकडे हॅरी पॉटरच्या पुस्तकांचे मंजूषा आमडेकर यांनी केलेले मराठी अनुवाद निघाले, तेही भोपाळच्या प्रकाशनसंस्थेकडून. महाराष्ट्राबाहेरून महाराष्ट्राला मराठी पुस्तके पुरविण्याची तंजावरची रीत अशा रीतीने अजून चालू आहे.

कुमारांच्या पुस्तकांचा विचार करताना एक पेच वारंवार समोर येतो. कुमारांविषयीचे पुस्तक आणि कुमारांसाठीचे पुस्तक या दोन गोष्टी एकच आहेत का? मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ २००४ मध्ये आली. आणीबाणीच्या काळातील नववीचा वर्ग, मुकुंद जोशी आणि त्याचे सवंगडी, शिरोडकरविषयीची अबोल ओढ. हे सारे कुमारवयाचेच आहे. परंतु ती प्रौढांची कादंबरी म्हणून प्रसिद्ध झाली आणि प्रौढांनीच तिची परीक्षणे लिहिली. मागे वळून पाहणाऱ्याला ती हुरहूर लावते. नववीत शिकणाऱ्याला ती काय देते, हे सांगण्याचा अधिकार मात्र नववीत शिकणाऱ्यालाच आहे, आणि त्याला तो क्वचितच मिळाला.

प्रकाश नारायण संत यांच्या ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ या पुस्तकांतील लंपनविषयीही हेच म्हणता येईल. त्या कथा आहेत, कादंबरी नव्हे; पण चारही पुस्तके सलग वाचली, तर एका मुलाच्या वाढण्याची कादंबरीच हाती लागते. बृहन्महाराष्ट्रातील वाचकाने लंपनकडे आणखी एका कारणासाठी वळावे. तो बेळगाव परिसरातला मुलगा आहे. त्याच्या मराठीत कानडीचा वास आहे, शब्दांची ठेवण वेगळी आहे, आणि लेखकाने ती पुस्तकी मराठीत घोळून गुळगुळीत केलेली नाही. आपल्या शाळेतले मूल उत्तरायणाला गच्चीऐवजी ‘धाब्या’वर चढते, बोलता बोलता गुजराती क्रियापद मध्येच आणते आणि पुण्याच्या नातेवाइकांनी हसल्यावर गप्प बसते. सीमेवरच्या मुलाची मराठी साहित्यात मानाने वावरू शकते, हे लंपनने दाखवून दिले आहे. मग बडोद्याच्या, इंदूरच्या, हैदराबादच्या मुलाने आपल्या मराठीविषयी संकोच का बाळगावा?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ‘विविधज्ञानविस्तार’ने १८६७ पासून मराठीत ग्रंथपरीक्षणाची परंपरा जोपासली. मालतीबाई दांडेकरांनी ‘बालसाहित्याची रूपरेषा’ लिहून मुलांच्या वाङ्मयाचा साक्षेपाने विचार केला. पुरस्कार आले, समित्या आल्या, शिफारस-याद्या आल्या. साहित्य अकादमीने २०१० पासून बालसाहित्यासाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू केला. मराठीसाठीच्या या पुरस्कारांत सलीम सरदार मुल्ला यांचे ‘जंगल खजिन्याचा शोध’, संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’, भारत सासणे यांचे ‘समशेर आणि भूतबंगला’ यांसारखी पुस्तके आहेत. म्हणजे कुमारांच्या लेखनाला मानमान्यता मिळू लागली आहे. पण या सर्व निवाड्यांत न्यायासनावर प्रौढच बसलेले असतात. ज्याच्यासाठी पुस्तक लिहिले, त्याची साक्ष कुणी नोंदवत नाही. यात वाईट हेतू नाही. मूल वाचेल, समजेल, संस्कार घेईल. ते मतही देईल, हे आपल्या ध्यानीमनी नसते, इतकेच.

महाराष्ट्राबाहेर या गोष्टीला वेगळे वजन येते. १ मे १९६० रोजी गुजरात व महाराष्ट्र ही स्वतंत्र राज्ये झाली आणि एके काळी राज्यकर्त्यांची असलेली मराठी या नगरीत अल्पसंख्यांची भाषा झाली. आज आपल्या विद्यार्थ्याच्या दिवसाकडे पाहावे. घरी तो मराठी बोलतो, पण जेवणापुरती, हाकेपुरती, निरोपापुरती. रस्त्यावर गुजराती, पडद्यावर हिंदी, पुढच्या शिक्षणाच्या चिंतेत इंग्रजी. मराठीच्या उत्तरपत्रिकेत तो लिहितो ते बहुतेक वेळा दुसऱ्याचे मत असते. कवीला काय म्हणायचे आहे, लेखकाने काय संदेश दिला आहे. ‘मला वाटते’ हे दोन शब्द मराठीत लिहून त्यापुढे स्वतःचे कारण देण्याची वेळ त्याच्यावर जवळजवळ येतच नाही. ज्या भाषेत आपण कधी वाद घातला नाही, नापसंती व्यक्त केली नाही, कुणाला काही पटवून दिले नाही, ती भाषा सणासुदीच्या वस्त्रासारखी कपाटात राहते. आवडलेल्या किंवा न आवडलेल्या कादंबरीविषयी लिहिलेली पानभर नोंद ही उणीव भरून काढते. छंद म्हणून केलेली ही गोष्ट भाषेच्या दृष्टीने छोटी नाही.

यासाठी साधन अगदी साधे आहे: एक शंभर पानी वही. तिला वाचनवही म्हणावे. डाव्या पानावर पुस्तकाचे नाव, लेखक, अनुवाद असल्यास अनुवादक, प्रकाशनवर्ष आणि वाचून संपविल्याची तारीख. उजवे पान मताला राखून ठेवावे. कथानकाचा सारांश चार ओळींपलीकडे नेऊ नये आणि रहस्य तर मुळीच फोडू नये. आपल्यामागून वाचणाऱ्याचा आनंद हिरावून घेण्याचा अधिकार परीक्षकाला नाही. त्यानंतर काही प्रश्न स्वतःला विचारावेत. नायकाने घेतलेला कोणता निर्णय मला पटला नाही? कोणते पात्र लेखकाने घाईत उरकले? यातली मुले खऱ्या मुलांसारखी बोलतात, की मोठ्यांसारखी? या गोष्टीत माझ्यासारखे कुणी आहे का? कोणत्या मित्राला किंवा मैत्रिणीला हे पुस्तक देईन, आणि का? ‘छान आहे’ आणि ‘कंटाळवाणे आहे’ हे दोन्ही शेरे चालतील, पण त्यांच्यापुढे ‘कारण’ हा शब्द आलाच पाहिजे.

शिक्षकांनी या वहीकडे शुद्धलेखनाच्या तांबड्या शाईने पाहू नये, ही नम्र विनंती. ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त करायला निबंधाची वही आहे. इथे उत्तराखाली प्रत्युत्तर लिहावे. तुझे म्हणणे मला पटले नाही, याचे कारण असे, अशा बरोबरीच्या सुरात. ‘श्यामची आई’ आवडली नाही असे एखाद्या मुलीने सकारण लिहिले, तर ते धाडस जपावे. दोन वह्यांत एकाच पुस्तकाविषयी परस्परविरुद्ध मते आली, तर ती वर्गात शेजारी शेजारी वाचून दाखवावीत. मराठीत वाद घालणारी दोन मुले हे मराठी शाळेचे सर्वांत सुंदर दृश्य होय.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याचा आनंद आपण सर्वांनी साजरा केला आणि तो योग्यच होता. अभिजातता मात्र भाषेच्या भूतकाळाची थोरवी सांगते. तिचा भविष्यकाळ सातवी-आठवीतल्या वाचकाच्या हाती असतो. आपल्या शाळेने साठ वर्षांत हजारो मुलांना मराठी वाचायला शिकविले. पुढच्या वर्षांसाठी एक छोटासा संकल्प करता येईल. दर वर्षी विद्यार्थ्यांच्या वाचनवह्यांतून निवडक नोंदी काढून, वर्गाच्या उल्लेखासह, एका हस्तलिखितात बांधाव्यात आणि ते हस्तलिखित ग्रंथालयाच्या कपाटात इतर पुस्तकांच्या शेजारी ठेवावे. शाळेच्या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी वाचनाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला मग कागदपत्रांची वाण पडणार नाही. त्या वेळच्या मुलांना काय आवडले, काय खटकले आणि का, हे त्यांच्याच अक्षरात त्याला वाचायला मिळेल.